चार तासांसाठी कुत्रा भाड्याने मिळतोय. घ्यावा का?

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री रील्स बघत पडले होते. एक अकाउंट समोर आलं. गोल्डन रिट्रीव्हर, गळ्यात लाल रुमाल, मागे पुण्यातलीच कुठलीतरी टेकडी. खाली लिहिलेलं, 'घरात डॉग ठेवता येत नाही? नो टेन्शन! चार तासांसाठी आमचा घेऊन जा.' मेसेज करायचा, स्लॉट निवडायचा, यूपीआयने पैसे पाठवायचे. बास.

मी कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. घरमालक काकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, कुत्रं-मांजर चालणार नाही. ऑफिस हिंजवडीला, म्हणजे सकाळी साडेआठला बाहेर आणि रात्री साडेआठला घरी. अशा दिनक्रमात कुत्रा बसत नाही हे मला कळतं. पण हवा तर असतोच. त्यामुळे दोन मिनिटांत बुकिंग केलं. पंधराशे रुपये, वर दोन हजार डिपॉझिट.

रविवारी सकाळी सातला ब्रूनो आला, अ‍ॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर बसून. सोबत विशीतला एक मुलगा. त्याने पट्टा माझ्या हातात दिला, बिस्किटांची पिशवी दिली, "अकराला येतो ताई" म्हणाला आणि गेला. आम्ही तिघी ब्रूनोला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. शहाणा कुत्रा. ओढाओढ नाही, भुंकणं नाही. मोबाइल समोर धरला की थांबायचा आणि जीभ बाहेर काढून बघायचा. एकच गोष्ट खटकत राहिली. उतरल्यावर आम्ही चहाला थांबलो, तेव्हा प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला तो उठून उभा राहात होता. कान टवकारायचा, रस्त्याकडे बघायचा, परत बसायचा.

अकराला तो मुलगा आला. घाईत होता. "दुपारी बाणेरला बर्थडे आहे, संध्याकाळी एक शूट." मी विचारलं, रात्री कुठे झोपतो हा? "शेडवर. अजून पाच-सहा आहेत तिकडे." ब्रूनोला पुढे बसवलं आणि निघाला.

माझ्या फोटोंना कधी नव्हे एवढे लाइक्स आले. आणि मी हा सगळा विषय वाचायला बसले, कारण मला परत बुकिंग करायचं होतं आणि करावं की नाही ते कळत नव्हतं.

आयडिया जुनीच आहे

आपल्याला वाटतं हे इन्स्टाग्रामच्या जमान्यातलं काहीतरी आहे. तसं नाही. २००७ मध्ये, म्हणजे आयफोन नुकताच बाजारात आला त्या वर्षी, अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'फ्लेक्सपेट्झ' नावाची कंपनी सुरू झाली. मेंबर व्हायचं, वर्षाची आणि महिन्याची फी भरायची, आणि कुत्रा हवा असेल त्या दिवसाचे सुमारे ४० डॉलर वेगळे. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस कॉलर. मेंबरला आधी ट्रेनरबरोबर थोडं शिकावं लागायचं. कंपनीचं म्हणणं असं, की शहरात अनेकांना कुत्रा आवडतो पण वेळ आणि जागा नसते. असे लोक हौसेने कुत्रा आणतात आणि सहा महिन्यांनी सोडून देतात. त्यापेक्षा हे बरं नाही का?

प्रश्न वाजवी आहे, टाळण्यासारखा नाही. आपल्याकडेही हौसेने आणलेला लॅब्राडोर किंवा हस्की 'ट्रान्सफर झाली' म्हणून रस्त्यावर किंवा निवाऱ्यात पोचतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

पण लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. २००८ मध्ये बॉस्टन शहराने कुत्रे भाड्याने देण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदाच केला. दृष्टिहीनांच्या मदतनीस कुत्र्यांसारखे काही अपवाद सोडून हा धंदाच बेकायदा. फ्लेक्सपेट्झही फार काळ चालली नाही.

गंमत म्हणजे तोच कायदा पुढे भलत्याच कामाला आला. अमेरिकेत काही फायनान्स कंपन्या महागडे पिल्लू 'ईएमआयवर' देत होत्या. गिऱ्हाइकाला वाटायचं आपण कर्ज घेतलं. प्रत्यक्षात कागदावर तो भाडेकरार असायचा. हप्ते संपेपर्यंत कुत्रा कंपनीचा, आणि मालकीचा करून घ्यायचा तर शेवटी वेगळी रक्कम भरा. मुलं ज्याच्या गळ्यात हात टाकून झोपतात तो कुत्रा हप्ता चुकला तर उचलून न्यायची सोय! २०१७ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाने असे करार बंद केले. मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलने २०२१ मध्ये अशाच एका कंपनीला दोनशेहून जास्त कुटुंबांचे करार रद्द करायला लावले, तेही २००८ च्या त्याच कायद्याच्या जोरावर.

ब्रिटनमध्ये मात्र वेगळं घडलं. रिका रोझेनलुंड नावाच्या बाईंनी एक दुपार शेजाऱ्यांच्या अ‍ॅस्टन नावाच्या लॅब्राडोरबरोबर घालवली, त्यातून त्यांना सुचलं आणि 'बॉरोमायडॉगी' ही साइट सुरू झाली. इथे कुत्रा कंपनीचा नसतो. तो कुणाच्या तरी घरचाच असतो. मालकाला कामावर जायचंय, जवळपास राहणाऱ्या कुणाला कुत्र्याबरोबर फिरायचंय, अशा दोघांची गाठ साइट घालून देते. साइटला दोघंही वर्षाची वर्गणी देतात, पण फिरवल्याचे पैसे एकमेकांना देत नाहीत. कुत्रा संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या गोधडीवर.

दोन्हीकडे कुत्रा 'पार्ट-टाइम'च आहे. तरी दोन्ही एकसारखं वाटत नाही. का नाही, ते बघू.

कुत्र्याला काय वाटत असेल?

कुत्र्याला विचारता येत नाही, पण मोजता येतं. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका अनोळखी माणसाने कुत्र्याबरोबर फक्त दहा-दहा मिनिटं, तीन वेळा घालवली. मग कुत्र्याला नव्या खोलीत नेऊन तो माणूस आत-बाहेर करत राहिला. लहान मुलं आईशी किती जोडलेली आहेत हे तपासायची जी पद्धत असते, तशीच. अवघ्या तीन भेटींत कुत्रे त्या माणसाला 'आपला' समजायला लागले होते. तो गेला की दाराशी जायचे, आला की त्याच्याकडे धावायचे.

एकूण अर्धा तास! म्हणजे माझे चार तास ब्रूनोच्या हिशोबात कमी नाहीत. किंवा उलटंही असेल. आठवड्याला दहा माणसं बदलणारा कुत्रा एव्हाना जोडून घ्यायचं सोडून देत असेल. त्याचं ते शहाणं, शांत वागणं म्हणजे नक्की काय होतं हे मला अजून सांगता येत नाही. एक मात्र दिसलं. तो वाट त्या स्कूटरवाल्या मुलाची बघत होता. म्हणजे जोडलेला होता तो, फक्त पैसे भरणाऱ्याशी नव्हे.

दुसरा अभ्यास २०१९ चा, अमेरिकेतला. पाच निवारा केंद्रांतल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवलं आणि लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं हार्मोन, मोजलं. घरी असताना ते कमी झालं. परत पिंजऱ्यात आल्यावर पूर्वीएवढं झालं, त्याच्या वर गेलं नाही. म्हणजे 'दोन दिवस सुख दाखवून परत पिंजऱ्यात टाकणं जास्त क्रूर' ही आपली समजूत आकड्यांत दिसली नाही. याच मंडळींनी पुढे फक्त अडीच तास बाहेर नेलेल्या कुत्र्यांचंही मोजमाप केलं. त्यात ताण कमी झालेला दिसला नाही. कुत्रे जास्त हालले-पळाले, एवढंच. शांत झोप मिळते ती रात्रभर घरात राहिल्यावर, टेकडीवर फोटो काढल्यावर नाही.

तरी अशा छोट्या फेऱ्यांचा फायदा होतोच. २०२३ च्या अभ्यासात दिसलं, की बाहेर फिरून आलेले निवाऱ्यातले कुत्रे दत्तक जाण्याची शक्यता पाच पट होती, आणि काही दिवस कुणाच्या घरी राहून आलेल्यांची चौदा पटीहून जास्त. कारण साधं आहे. लोक बघतात, विचारतात, फोटो फिरतात.

आता हे ब्रूनोला लावून बघा. निवाऱ्यातल्या कुत्र्याला चार तास बाहेर नेलं तर त्याला घर मिळायची शक्यता वाढते. ब्रूनोला कितीही वेळा नेलं तरी त्याला घर मिळणार नाही, कारण मिळालं तर धंद्यातला एक कुत्रा कमी होईल. मी काढलेल्या फोटोंनी त्याला काय मिळालं? पुढचं बुकिंग.

आता जरा अ‍ॅपच्या बाजूने विचार करू

ही साइट टेक्नॉलॉजीची आहे, तर हा भाग मी थोडा लांबवते. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर चालवणाऱ्या कंपनीचा सगळा जीव एका आकड्यात असतो. दिवसातले किती तास गाडी रस्त्यावर आहे? उभी गाडी म्हणजे नुकसान. पण उभी गाडी निदान पेट्रोल पीत नाही. कुत्रा मात्र बुकिंग असो-नसो, दोन वेळा खातो. त्याला डॉक्टर लागतो, जागा लागते, माणूस लागतो. म्हणून रिकामा स्लॉट इथे जास्त बोचतो.

त्यात मागणी कधी असते? शनिवार-रविवार. मंगळवारी दुपारी दोनला कुणाला कुत्रा हवाय? फ्लेक्सपेट्झनेसुद्धा म्हणूनच आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर कमी ठेवले होते. मग चालवणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. थोडे कुत्रे ठेवायचे आणि शनिवार-रविवारी त्यांना पिळून काढायचं. नाहीतर भरपूर कुत्रे ठेवायचे आणि सोमवार ते शुक्रवार शेडमध्ये बांधून ठेवायचे. चालवणारा माणूस कितीही प्रेमळ असू दे, हे गणित तोच घेऊन बसलेला असतो. ब्रूनोचा रविवार टेकडी, बर्थडे, शूट असा होता. त्याचा मंगळवार कसा जात असेल याचा मी रविवारी विचारच केला नव्हता.

रेटिंगचं बघा. टॅक्सीत तुम्ही ड्रायव्हरला स्टार देता, ड्रायव्हर तुम्हाला देतो. इथे मी ब्रूनोला पाच स्टार दिले. त्याने मला किती दिले? ज्याची पाठ एखाद्या बर्थडेला सात पोरांनी ओढली आणि ज्याने गुरगुरून दाखवलं, त्या कुत्र्याला एक स्टार पडतो. पुढे त्याचं काय होतं हे अ‍ॅपवर दिसत नाही. गुरगुरणं ही कुत्र्याची 'बस करा' म्हणायची भाषा आहे. ती बोलल्याबद्दल रेटिंग जात असेल, तर न गुरगुरता सहन करणारेच कुत्रे धंद्यात टिकतात. आणि असा कुत्रा एक दिवस थेट चावला तर लोक म्हणतात, 'अचानक काय झालं कळलंच नाही.'

पिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. मागणी सगळ्यात जास्त पिल्लांना. ऊबरने एकेकाळी काही अमेरिकी शहरांत तीस डॉलरला पंधरा मिनिटं पिल्लं घरपोच आणली होती. ती निवाऱ्यातली होती, दत्तक जावीत म्हणून आणलेली, त्यामुळे ते प्रकरण वेगळं. पण कायमचा धंदा म्हणून कुणी हे केलं तर? पिल्लू वर्षभरात मोठं होतं. मग नवं पिल्लू आणा. जुन्याचं काय?

जीपीएस कॉलरबद्दल एकच सांगते. कुत्रा कुठे आहे ते कळतं. कसा आहे ते कळत नाही.

चावला तर जबाबदार कोण? तुम्ही

हे मला बुकिंगच्या आधी माहीत नव्हतं, आणि तुमच्यातल्या बहुतेकांना नसेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या बघण्यासारखी आहे. त्या वेळेपुरता प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, तोसुद्धा मालक. म्हणजे रविवारी सात ते अकरा ब्रूनोची मालकीण मी होते. त्याला इजा होऊ नये, त्रास होऊ नये याची काळजी घेणं हे त्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे माझं कर्तव्य होतं. आणि ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला धोका होऊ नये याची खबरदारी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टेकडीवर कुणाला चावला असता तर 'हा माझा नाही, भाड्याचा आहे' म्हणून मी सुटले नसते. मी लसीकरणाचं कार्डही मागितलं नव्हतं. आपण वापरलेला फोन घेताना बिल मागतो, इथे रेबीजचा प्रश्न असून मला सुचलं नाही.

कायदा मला पकडतो, धंद्याला मात्र ढिला सोडतो. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, वगैरे. पण हे सगळं पैदास आणि विक्री डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. तासावर भाडं हा प्रकार त्यात नीट बसत नाही. आणि १९६० च्या कायद्यात क्रूरतेचा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. टायपिंगची चूक नाही ही, पन्नासच.

आमचा मोत्या

हे वाचताना मला राहून राहून आजोळचा मोत्या आठवत होता. मिरजेजवळच्या आमच्या गावात तो आमच्या आळीचा कुत्रा होता. सकाळची भाकरी आमच्याकडे, दुपारी पाटलांकडे, रात्री झोपायला देवळाच्या ओसरीवर. आम्ही सुट्टीत गेलो की महिनाभर आमच्या मागे. म्हणजे पार्ट-टाइम कुत्रा ही काही कॅलिफोर्नियाची आयडिया नाही, आपल्या प्रत्येक आळीत आणि सोसायटीच्या गेटवर एक असतोच. फरक इतकाच, की कुणाकडे जायचं ते मोत्या ठरवायचा. कंटाळला की उठून जायचा. ब्रूनोला उठून जाता येत नाही.

पण उगाच गोड करून सांगत नाही. मोत्याच्या पायाला जखम झाली, तिच्यात किडे पडले. तीन घरं त्याला रोज बघत होती. प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी डॉक्टरकडे नेईल. कुणीच नेलं नाही. आजी अजून तो विषय निघाला की गप्प होते. सहवास वाटून घेता येतो हे मोत्याने दाखवलं. जबाबदारी वाटून घेतली की ती कुणाचीच राहात नाही, हेही त्याच्याच बाबतीत झालं.

म्हणून मला भाड्याच्या कुत्र्याबद्दल 'पार्ट-टाइम म्हणजे वाईट' असं वाटत नाही. मी बघते ते एवढंच: कुणी बुकिंग केलं नाही त्या दिवशी हा कुत्रा कुणाचा असतो? ब्रिटनमधल्या शेजाऱ्याच्या कुत्र्याला याचं उत्तर आहे. निवाऱ्यातल्या कुत्र्याचं उत्तर अर्धवट आहे, पण तुमच्या येण्याने ते सुधारू शकतं. शेडवरच्या ब्रूनोचं उत्तर मला मिळालेलं नाही.

आणि निवाऱ्यांना माणसं हवीच आहेत, आता तर जास्तच. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आधीचा आदेश बदलून सांगितलं, की नसबंदी आणि लसीकरण झालेले भटके कुत्रे मूळ जागी सोडा, रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांवरून कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा, तिथे परत सोडू नका, असा आदेश आला. त्या निर्णयाबद्दल तुमचं मत काहीही असो, पिंजऱ्यात आलेल्या कुत्र्याला रविवारी सकाळी पट्टा धरून फिरवणारं कुणीतरी लागतं. मी आता दोन रविवार एका निवाऱ्यात जातेय. पंधराशे रुपये लागत नाहीत, पण शी साफ करावी लागते आणि फोटो फारसे बरे येत नाहीत. पहिल्या दिवशी मला दिलेली कुत्री तासभर माझ्याकडे पाठ करून बसली होती. दुसऱ्या रविवारी वीस मिनिटांनी वळली.

ब्रूनोला मात्र विसरता आलेलं नाही. परवा मी त्या अकाउंटला मेसेज केला. तीन प्रश्न विचारले. ब्रूनो दिवसाला जास्तीत जास्त किती बुकिंग करतो? त्याच्या लसीकरणाचं कार्ड बघायला मिळेल का? आणि तो म्हातारा झाल्यावर कुठे राहणार आहे, कारण जमलं तर तेव्हा मला तो हवाय, तोवर मी घर बदललेलं असेन.

दहा मिनिटांत रिप्लाय आला. "मॅम, डॉग एकदम फ्रेंडली आहे. संडेचा सकाळचा स्लॉट लॉक करू का?"